दीड वीत जागा आणि तिरकी झोप

नोव्हेंबर लागला, घरातल्या एसीला जरा उसंत मिळाली, की आपल्या फुजैरात गाड्यांच्या डिकीत कोळशाच्या पिशव्या, सतरंज्या आणि चहाचं सामान चढायला लागतं. आणि दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, की यंदा हॅमॉक घ्यायचा आहे, कुठला घेऊ? दुकानात गेलात तर गोंधळ होतो. एक असतो पातळ नायलॉनचा, मुठीत मावणारा. एक असतो दोन्ही टोकांना लाकडी दांडे लावलेला, कॅटलॉगमधल्या फोटोसारखा ताठ. एक जाळीचा, एक मच्छरदाणी शिवलेला. किमती वेगळ्या आणि प्रत्येकावर लिहिलेलं असतं, सर्वात आरामशीर.

मी पोटासाठी कंपन्यांना सॉफ्टवेअर निवडून देतो. या धंद्यात एक सवय अंगात भिनते. वस्तू समोर आली की आधी बघायचं, ही कुणाच्या सोयीसाठी बनली आहे? पैसे देणारा एक असतो, वापरणारा दुसराच. हॅमॉकचा इतिहास वाचताना मला पानोपानी हेच दिसत गेलं. झोपणाऱ्याने स्वतःसाठी बनवलेली झोळी एक तऱ्हेची असते आणि दुसऱ्याने त्याच्यासाठी ठरवलेली अगदी निराळी. आज तोच इतिहास सांगतो. तो कळला की दुकानदाराला फार विचारावं लागत नाही.

सुरुवात आपल्या घरापासून करू, कारण हॅमॉक आपल्याला नवा नाही. आईच्या किंवा आजीच्या जुन्या लुगड्याची झोळी आपल्यापैकी कितीतरी जणांचं पहिलं अंथरूण होती. आढ्याला दोर टाकायचा, लुगड्याची दोन्ही टोकं वर बांधायची, कापड बाळाच्या अंगावर फार आवळू नये म्हणून मध्ये एक काठी अडकवायची. शेतात हीच झोळी बांधावरच्या झाडाला टांगायची आणि रेल्वेच्या डब्यात दोन बर्थच्या मध्ये. दुसरीकडे आपल्याकडेच पाळणा आहे. त्याला तळाला फळी असते, तो चार कोपऱ्यांवर टांगतात, म्हणून बाळ सपाट राहतं. म्हणजे टोकाला चुण्या पडलेली झोळी की सपाट तळाचा पाळणा, हा जगभरच्या हॅमॉकवाल्यांचा वाद आपल्या माजघरात कधीपासून आहे. झोळीला खर्च नाही, ती खांद्यावरच्या पिशवीत मावते, पण बाळाची पाठ वाकलेली राहते. पाळण्याला सुतार लागतो, बारशाचा थाट लागतो, आणि तो शेतात नेता येत नाही. आजचे बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळाला सपाट, टणक अंथरुणावर उताणंच झोपवा म्हणतात, तेव्हा ते या वादात पाळण्याच्याही पुढे गेलेले असतात. पण उसाच्या फडाशेजारी, कामावर गेलेल्या आईला सपाट जागा मिळणार कुठे? विंचूकाट्यापासून बाळ उचलून धरणं हे तिच्यासाठी पाठीच्या कण्याच्या आधी येतं.

आपल्याकडच्या झोळीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो गमतीचा नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात किंवा मेळघाटात ज्या पाड्यांपर्यंत रस्ता पोचलेला नाही, तिथे आजही आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खाली आणावं लागतं. लोकांनी त्याला ‘बांबुलन्स’ असं नावही दिलं आहे. ही रचना पूर्णपणे उचलणाऱ्यांच्या सोयीची आहे आणि तशीच असायला हवी, कारण पायवाट एका माणसाच्या रुंदीची असते. स्ट्रेचर तिथे वळत नाही. आतल्या माणसाची कंबर मात्र प्रत्येक पावलाला दुमडते. आराम कुणाच्या खात्यातून वजा झाला हे बघायची सवय म्हणतो ती ही.

आता पाचशे वर्षं मागे जाऊ. १७ ऑक्टोबर १४९२ च्या रोजनिशीत कोलंबसाने बहामा बेटांवरच्या लोकांची अंथरुणं आणि पांघरुणं सुती जाळ्यांसारखी असल्याचं नोंदवलं आहे. ‘हमाका’ हा शब्द तिथल्या ताइनो लोकांचा. स्पॅनिश लोकांनी तो उचलला, इंग्रजांनी त्याचा हॅमॉक केला आणि डचांनी कमाल केली. त्यांनी तो ‘हांगमाट’ असा वळवला, म्हणजे त्यांच्या भाषेत टांगलेली चटई. परक्या शब्दाला घरचा अर्थ चिकटवणं आपल्यालाही चांगलं जमतं.

ताइनो माणूस झोळी स्वतःसाठी विणायचा. ती रुंद आणि लांब असे, सैल टांगलेली असे. अशा झोळीत सरळ नव्हे, तिरकं झोपायचं असतं. डोकं मध्यरेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. तिरकं झालं की कापड अंगाखाली पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. सरळ झोपलं की माणसाचं केळं होतं. चुण्यांच्या झोळीत आराम मिळतो तो एवढ्या एका युक्तीने.

यानंतर आपल्या समुद्राशी नातं सांगणारा एक माणूस येतो. पेरो वाझ दी कामिन्या हा पोर्तुगीज लेखनिक. १५०० साली काब्रालच्या ताफ्याबरोबर तो हिंदुस्थानकडे निघाला होता. ताफा वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या गावात जाऊन आलेल्या मंडळींनी जे सांगितलं ते कामिन्याने राजाला पत्रात लिहून कळवलं. मोठाल्या घरांत खांबाखांबांना उंचावर जाळी बांधलेल्या असतात, लोक त्यात झोपतात आणि ऊब मिळावी म्हणून खाली शेकोटी पेटवतात. हॅमॉकला त्याने ‘रेदे’ हा जाळ्यासाठीचा पोर्तुगीज शब्द वापरला आणि ब्राझीलमध्ये आजही तोच चालतो. कामिन्या पुढे कालिकतला पोचला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथल्या चकमकीत मारला गेला. सात वर्षांनी, १५०७ मध्ये, अल्बुकर्कच्या पोर्तुगीज जहाजांनी आपल्या शेजारचं खोर फक्कान लुटलं. इतिहासाची ही सगळी पात्रं एकाच मोसमी वाऱ्यावर ये-जा करत होती.

त्या शेकोटीवर जरा थांबू या, कारण फुजैराच्या डोंगरात जानेवारीच्या पहाटे तुम्हाला ती आठवणार आहे. टांगून झोपलं की खालून वारा लागतो. अंगाखाली जाड गोधडी घातली तरी ती आपल्याच वजनाने दबते आणि दबलेल्या गोधडीत हवा उरत नाही. हवा नाही म्हणजे ऊब नाही. आताच्या हॅमॉकवाल्यांनी यावर खालून, झोळीच्या बाहेरून लटकवायची रजई काढली. ती दाबली जात नाही म्हणून गरम राहते. ब्राझीलच्या लोकांनी त्याच अडचणीला लाकडं जाळून उत्तर दिलं होतं. उन्हाळ्यात जो वारा वरदान वाटतो तोच थंडीत कमरेत शिरतो. एकाच वस्तूचे हे दोन हिशेब आहेत आणि ते मिटवता येत नाहीत, फक्त ऋतूप्रमाणे बदलता येतात.

झोळीचं नशीब खऱ्या अर्थाने फिरलं ते युद्धनौकांवर. त्याआधी खलाशी डेकवर जागा मिळेल तिथे अंग टाकायचे. इंग्रजांच्या आरमाराने १५९७ मध्ये टांगत्या बिछान्यांना अधिकृत मंजुरी दिली आणि पुढची साडेतीनशे वर्षं ती पद्धत टिकली. कारण सरळ होतं. जहाज डावी-उजवीकडे डोलतं, तेव्हा जहाजाच्या लांबीला समांतर टांगलेली झोळी लोलकासारखी स्थिर राहते आणि माणूस खाली पडत नाही. सकाळी ती गुंडाळून दोराचे सात वेढे दिले की तोफांचा मजला मोकळा. गुंडाळ्या डेकच्या कडेला जाळीत रचून ठेवायच्या, म्हणजे बंदुकीच्या गोळ्यांना थोडा आडोसा होतो. खलाशी मेला तर त्याच झोळीत शिवून त्याला समुद्रात सोडायचं.

वस्तू एक आणि उपयोग चार. कुठल्याही व्यवस्थापनाच्या वर्गात टाळ्या मिळाव्यात असा हिशेब आहे. फक्त झोपणाऱ्याच्या वाट्याला काय आलं ते बघा. माणशी रुंदी १४ इंच. आपल्या मापाने जेमतेम दीड वीत. पाळीप्रमाणे निम्मे लोक कामावर असत, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट मिळे, पण बंदरात सगळे एकदम झोपले की पुन्हा दीड वीत. एवढ्या जागेत तिरकं झोपणार कसं? ताइनो झोळीचा प्राण होता तो तिरकेपणा आणि नेमका तोच जहाजावर काढून घेतला गेला. कापडही सुती जाळीऐवजी शिडाचं, जाड. मग डोक्याच्या बाजूला कापड चेहऱ्यावर मिटू नये म्हणून लाकडाची छोटी पट्टी अडकवायची. आपल्या लुगड्याच्या झोळीतली काठीच ती.

अशी जहाजं मुंबईतही बनत. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या गोदीतून १८१७ मध्ये सागवानाची ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. दोनच वर्षांनी, १८१९ मध्ये, मुंबईहून युद्धनौकांचा ताफा रास अल खैमावर चालून आला आणि १८२० च्या तहानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांचा अंमल घट्ट झाला. आपण राहतो त्या फुजैराला इंग्रजांनी वेगळं राज्य म्हणून मान्यता दिली ती फार उशिरा, १९५२ साली. त्याआधी १९२५ मध्ये ‘लॉरेन्स’ नावाच्या जहाजाने फुजैराच्या किल्ल्यावर तोफा डागून बुरूज पाडले होते. किल्ला पाहायला जाल तेव्हा एक गोष्ट लक्षात असू द्या. ते जहाज रॉयल इंडियन मरीनचं होतं आणि त्या मरीनमध्ये रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान खलाशांची भरती मोठी होती. कोकणातला माणूस या किनाऱ्यावर नोकरीसाठी यायला तेलाची वाट पाहत बसलेला नव्हता.

मरीनची पुढे रॉयल इंडियन नेव्ही झाली आणि झोळीची पद्धतही तिने चालू ठेवली. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरचे हिंदी खलाशी हॅमॉक टांगूनच झोपत. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ तळावर जो संप सुरू झाला आणि बघता बघता बंड होऊन पसरला, त्यात अन्न, राहण्याची सोय आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक या तक्रारी पुढे होत्या. हॅमॉकमुळे बंड झालं असं मी अजिबात म्हणत नाही. पण माणसाला कुठे आणि किती जागेत झोपवलं जातं हा राजकारणाचाच भाग असतो, एवढं म्हणतो.

महायुद्धाने आणखी एक झोळी जन्माला घातली. पॅसिफिकच्या जंगलात लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांसाठी केलेली. वर रबर चढवलेलं छत, चारी बाजूंना मच्छरदाणी, आत शिरायला चेन. पाऊस आणि मलेरियाचे डास दोन्ही बाहेर. कागदावर उत्तम. पण रात्री गोळीबार सुरू झाला की अंधारात चेन शोधणं हे जिवावरचं काम. जमिनीपासून वर टांगलेला माणूस गोळीच्या वाटेत येतो, म्हणून काहींनी खड्डा खणून त्यात ती झोळी टांगली. आज मच्छरदाणीवाला हॅमॉक घेताना त्याला चेन किती बाजूंनी आहे आणि ती आतून एका हाताने उघडते का, हे बघा. आपल्याला गोळीबाराची भीती नाही, पण रात्री उठावं लागतंच.

आता तो कॅटलॉगमधला, दांड्यांचा हॅमॉक. त्याची गोष्ट मला आवडते, कारण ती झोपणाऱ्यानेच सुरू केली. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात जोशुआ जॉन वॉर्ड नावाचा नावाडी नदीतून भात वाहून नेत असे. उन्हाळ्यात होडीवर पेंढ्याच्या गादीत जीव उकडून निघे. १८८९ मध्ये त्याने सुती दोराची, दोन्ही टोकांना लाकडी दांडे घातलेली जाळी विणली. दोन्ही बाजूंनी हवा लागते आणि पाठ सपाट राहते. उकाड्यावर चोख उत्तर. पॉलीज आयलंडचा दोरखंडी हॅमॉक म्हणून ती तऱ्हा पुढे प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या बागांत, समुद्रकिनाऱ्यांवरच्या हॉटेलांत जाऊन बसली. पण दांड्यांनी कापड ताणलं की आपण झोळीच्या आत नसतो, तिच्यावर असतो. वजन वर गेलं, कडा उरल्या नाहीत. कुशीवर वळलात की खाली. दुपारी तासभर पुस्तक वाचायला तो छान आहे. रात्रभराच्या झोपेला मी तो कुणालाच सुचवणार नाही. हॉटेलवाल्याला मात्र तो हवाच असतो, कारण रिकामा असतानाही तो सुंदर दिसतो. चुण्यांची झोळी रिकामी असली की वाळत घातलेल्या चादरीसारखी दिसते.

मेक्सिकोच्या युकातानमध्ये मात्र झोळी अजून घरातच आहे. मेरिदासारख्या शहरात भिंतीत आकडे बसवलेले असतात आणि रात्री खाटेऐवजी जाळी टांगली जाते. बारीक सुताची, इतकी रुंद की माणूस जवळजवळ आडवा झोपतो. उकाड्याच्या गावाला याहून चांगलं अंथरूण मला माहीत नाही. त्रास एवढाच, की शर्टाची बटणं, घड्याळ, कानातले सगळं त्या जाळीत अडकतं. आणि वाऱ्याच्या रात्री ती कामाची नाही.

ज्यांना सपाट पाठ हवी पण पडायचं नाही, त्यांच्यासाठी अलीकडे झुलत्या पुलासारखी रचना निघाली. दोन्ही लांब कडांनी पट्टे जातात, दांडे डोक्याशी आणि पायाशी, आणि मधलं कापड पन्हळीसारखं खोल. कुशीवर झोपणाऱ्यांना ती मानवते. पण खांदे दोन्ही बाजूंनी दाबले जातात आणि दांड्यांचं वजन पिशवीत वाढतं. खांदे रुंद असतील तर आधी दुकानात पडून बघा, लाजू नका. टॉम हेनेसी या कॅनडातल्या माणसाने दुसरा मार्ग काढला. त्याने कापडच तिरकं कापलं. म्हणजे ताइनो माणूस जे अंगाने करत होता ते शिंप्याच्या कात्रीने केलं. कुठल्या बाजूला डोकं ठेवायचं हे मग शिंपी ठरवतो, तुम्ही नाही. मला हा तोटा वाटतो, पण नवख्याला तोच फायदा वाटेल.

थोडं गणित सांगतो, कारण यात दुखापती होतात. झोळी जितकी ताठ बांधाल तितका दोरावरचा ताण वाढतो, आणि तो सरळ नाही, भराभर वाढतो. ८० किलोचा माणूस धरा. दोर जमिनीशी ३० अंशाचा कोन करत असेल तर प्रत्येक टोकाला साधारण ८० किलोचीच ओढ बसते. १० अंश केलेत तर २३० किलो. ५ अंश, म्हणजे दिसायला मस्त ताठ, तर ४६० किलोच्या आसपास. म्हणून गाडीच्या छतावरच्या रेलला हॅमॉक बांधू नका. ती रेल वरून येणाऱ्या वजनासाठी असते, आडव्या ओढीसाठी नाही. ३० अंश मोजायची सोपी खूण आहे. लहान मुलं हाताची पिस्तूल करतात तशी करा, तर्जनी आडवी आणि अंगठा वर. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी रेघ जाईल तिच्या उताराला दोर असावा. आणि कापड ११ फूट लांब असेल तर टांगल्यावर त्याच्या दोन टोकांमधलं अंतर ९ फुटांच्या किंचित पुढे राहू द्या. एवढी ढील असली की तिरकं झोपता येतं. त्याहून आखूड कापडात उंच माणसाला तिरकी जागाच मिळत नाही, पोटरीखाली कापडाची धार येते आणि गुडघे उलटे ताणले जातात. पातळ, आखूड, स्वस्त हॅमॉकची तक्रार बहुतेक वेळा हीच असते, आणि लोक दोष झोळीला देतात, लांबीला नाही.

आता आपलं फुजैरा. इथे पहिली अडचण झाडांची. डोंगरातल्या वाद्यांत समर आणि सिद्र ही झाडं दिसतात. समर म्हणजे आपल्या बाभळीचा भाऊबंद, सिद्र बोरीच्या कुळातला. दोन्ही काटेरी, बऱ्याचदा बुटकी. सपाटीवर गाफ भेटतो, जो या देशाचा राष्ट्रीय वृक्ष आहे. गाफ म्हणजे आपली शमीच, पांडवांनी शस्त्रं लपवली ते झाड. पांडवांनी टांगलं म्हणून आपण टांगायचं नाही. वाळवंटात शंभर वर्षं तग धरलेल्या झाडाच्या सालीला बारीक दोर काचतो. बांधायचंच असेल तर जिवंत, जाड खोडाला, चांगला रुंद पट्टा घालून, आणि जिथे परवानगी आहे तिथेच. नाहीतर लोखंडी स्टँड न्या. जड आहे, पण गाडी दाराशी असताना वजनाची काळजी कशाला?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. झाडं जिथे बरी असतात ती जागा वादीच्या पात्रातली असते, कारण पाणी तिथूनच वाहतं. जुलै २०२२ मध्ये फुजैरात काय झालं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. दोन दिवसांत बंदरावर २५५ मिलिमीटर पाऊस आणि सात जणांचा मृत्यू. आकाश आपल्या डोक्यावर निरभ्र असतानाही वर हजर पर्वतात पडलेला पाऊस पात्रातून खाली येतो. जमिनीपासून दोन फूट वर टांगलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. रात्री लोंढा आला तर त्या दोन फुटांना काही अर्थ नसतो, उलट तो मच्छरदाणीत अडकलेला असतो. आता पावसाळी हवेत वाद्यांजवळ जमा होण्यावर दंड आहे, १००० दिरहम आणि सहा काळे गुण. पाण्याने भरलेल्या वादीत गाडी घातली तर त्याहून कितीतरी जास्त.

राहिला प्रश्न गावाकडून हिवाळ्यात आलेल्या आईवडिलांचा. नातवंडांबरोबर त्यांनाही झोळीत बसायची हौस येते आणि बसवावंही, दुपारी, कुणी शेजारी उभं असताना, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील इतक्या उंचीवर. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला झोळीतून बाहेर येणं हे आत जाण्यापेक्षा अवघड असतं. पाय टेकवायला ठाम कड नाही, धरायला हात नाही. रात्रीसाठी त्यांच्याकरता घडीची खाट गाडीत टाका, आणि झोळीतली तिरकी झोप आपल्यासाठी ठेवा.